चक्क्याचं आणि पनीरचं पाणी : आधी चव घ्या, मग ठरवा

पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्याकडे खुंटीला दह्याचा पंचा टांगलेला असायचा आणि खाली पातेलं. सकाळी चक्का परातीत आला की सगळे साखर, वेलची, जायफळ यांच्यामागे. आत्या मात्र ते खालचं पातेलं उचलून, त्यावर ताटली झाकून बाजूला ठेवायची. रात्री श्रीखंड-पुरीनं सगळ्यांची पोटं जड झालेली असायची, जेवण नको म्हणायचे सगळे. तेव्हा त्याच पाण्यातली तांदळाची उकड वाफाळत ताटल्यांमध्ये यायची. लसणीची फोडणी, वर कच्च्या तेलाची धार. नको म्हणणारेच दुसऱ्यांदा मागून घ्यायचे.

आता पनीर आणि चक्का घरी करणारे पुष्कळ झालेत, आणि त्यांच्यापैकी बरेच जण खालचं पाणी थेट सिंकमध्ये ओततात. एक लिटर दुधातून अर्ध्या लिटरच्या वर निघणारा हा ऐवज. हा लेख त्यांच्यासाठी. सांगायची गोष्ट एकच आहे: हे पाणी म्हणजे ताकाचं धाकटं भावंड. ताक जिथे चालतं तिथे हे चालतं, फक्त प्रत्येक वेळी आधी चमचाभर जिभेवर घ्यायचं आणि ते किती आंबट आहे यावरून पदार्थ ठरवायचा. ही सवय लागली की कृती पाठ करायची गरज उरत नाही.

हे पाणी म्हणजे नक्की काय

दूध आंबलं किंवा त्यात लिंबू पिळलं की त्यातलं केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं. त्याच्याबरोबर दुधातला जवळजवळ सगळा स्निग्धांशही जातो. मागे राहतं ते पाणी, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, विरघळलेले क्षार आणि थोडी प्रथिनं. इंग्रजीतून आलेला शब्द ‘व्हे’. घरात आपण चक्क्याचं पाणी, पनीरचं पाणी असंच म्हणतो. संस्कृतात दह्याच्या या पाण्याला ‘मस्तु’ म्हणतात आणि अमरकोशातही तो शब्द आहे, म्हणजे हा काही नवा शोध नव्हे.

पाण्याचा रंग किंचित पोपटी-पिवळा दिसतो, त्याला घाबरू नका. तो रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा रंग आहे. उजेडात हे जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून पातेल्यावर झाकण हवं आणि बाटली खिडकीत ठेवू नये.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण यावर फार गैरसमज आहेत. व्यायाम करणारी मुलं डब्यातून जी व्हे प्रोटीनची पावडर घेतात, ती मुख्यतः चीजच्या कारखान्यांतलं प्रचंड पाणी गाळून, आटवून, वाळवून केलेली असते. आपल्या पातेल्यातलं पाणी म्हणजे ती पावडर नव्हे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं, ते वर चक्क्यात राहिलं. उरलेल्या २० टक्क्यांपैकीही बराच वाटा, आपण दूध चांगलं उकळून घेतो तेव्हा केसीनला चिकटतो आणि चक्क्यात किंवा पनीरमध्येच जातो. त्यामुळे २०० मिलीच्या पेल्यात एक-दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. दुधाच्या तेवढ्याच पेल्यात सहा-सात ग्रॅम असतात. कॅल्शियम मात्र आंबट पाण्यात चांगलं उतरतं, कारण आंबटपणामुळे केसीनला धरून बसलेलं कॅल्शियम सुटून पाण्यात येतं. तेव्हा औषध म्हणून किंवा ताकदीसाठी म्हणून याच्या मागे लागू नका. चवीसाठी वापरा, चव याच्याकडे भरपूर आहे.

आणि ओतून देण्याबद्दल. सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते हे मोजायला बीओडी नावाचं माप असतं. घरगुती सांडपाण्याचा हा आकडा लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम येतो, तर व्हेचा ३० ते ५० हजार. एका घरातल्या अर्ध्या लिटरनं नदी मरत नाही, हे खरं. पण जे डेअरीवाल्यांना वेगळी यंत्रणा लावून शुद्ध करावं लागतं, ते आपण पोटात घालू शकतो, एवढं ध्यानात राहू द्या.

पाणी चांगलं कसं मिळवायचं

चक्क्यासाठी:

१. एक लिटर सायीसकट म्हशीचं दूध उकळून कोमट होऊ द्या. बोट बुडवून दहा अंक मोजता आले की विरजणाची वेळ झाली. चहाचा एक चमचा दही नीट ढवळून घाला.

२. सहा ते आठ तासांत दही लागतं, थंडीत जास्त. घट्ट लागलं की लगेच टांगायला घ्या. दही बाहेर राहून जितकं आंबेल तितकं पाणीही आंबणार.

३. मलमलचा तुकडा किंवा जुना, धुऊन मऊ झालेला सुती पंचा घ्या. तो आधी नुसत्या गरम पाण्यातून दोनदा काढा. माझा एकदा पूर्ण चक्का साबणाच्या वासानं वाया गेला. कापड कपाटातून काढून तसंच वापरलं होतं, आणि दही असा वास झटकन ओढून घेतं.

४. गाठ मारून सहा-आठ तास टांगा. उन्हाळ्यात बाहेर टांगायचं तर रात्रीच. नाहीतर चाळणीत कापड घालून, चाळणी खोल पातेल्यावर ठेवून, सगळं झाकून फ्रीजमध्ये ठेवा.

५. पुरचुंडी पिळू नका. पिळलं की दह्याचे कण पाण्यात उतरतात, पाणी दुधी होतं आणि चक्काही कमी भरतो. पाण्याला त्याच्या गतीनं गळू द्या.

पहिल्या तासात गळलेलं पाणी सगळ्यात गोडसर असतं. शक्य असेल तर ते वेगळ्या भांड्यात काढून घ्या. सकाळपर्यंत गळलेलं चांगलं आंबट होतं. एकाच दह्यातून अशी दोन प्रकारची पाणी मिळतात.

पनीरचं काम सोपं. दूध उकळलं की गॅस बंद करून मिनिटभर थांबा, लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला, हलक्या हातानं ढवळा. गुठळ्या वेगळ्या आणि पाणी स्वच्छ, पोपटी दिसलं की रस घालणं थांबवा. इथे नवीन लोक घाईनं लिंबू घालत राहतात, मग पाणी कडवट-आंबट आणि पनीर चिवट. गाळून घेतलं की लिटरमागे साधारण पाऊण लिटर पाणी उरतं. लिंबाऐवजी व्हिनेगर वापरलं असेल तर त्या पाण्याला उग्र वास राहतो. मी ते फक्त कणकेत वापरते.

चमचाभर जिभेवर घ्या

मनात तीन खण करा.

सौम्य : किंचित गोडसर, आंबटपणा असून नसल्यासारखा. पहिल्या तासाचं चक्क्याचं पाणी आणि नीट फाडलेल्या पनीरचं पाणी या खणात. हे कणकेत, सुपात, रस्सा सैल करायला, भातात थोडं, प्यायला.

मध्यम : ताज्या ताकासारखं. रात्रभर गळलेलं. हे कढीला, थालीपिठाला, धिरड्यांना, रवा भिजवायला.

कडक : डोळे मिचकावायला लावणारं. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहिलेलं किंवा आंबट दह्याचं. हे उकडीला, ताकातल्या पिठल्याला, ढोकळ्याला आणि मिरच्यांना. कुठल्याही पाण्यात साधं पाणी घालून त्याला खालच्या खणात आणता येतं, पण सौम्य पाणी ऐनवेळी आंबट करता येत नाही. करायचंच तर रात्री त्यात चमचाभर दही ढवळून बाहेर ठेवा, सकाळी तयार.

पहिला पदार्थ उकडच करा

नवख्या हातानं सुरुवात उकडीनं करावी असं माझं ठाम मत आहे. अर्धा तासही लागत नाही, साहित्य घरातलंच असतं, आणि या पाण्याचा आंबटपणा उकडीत जसा खुलतो तसा दुसऱ्या कशात नाही. ताकाची उकड थोडी जड लागते, या पाण्याची हलकी आणि तकतकीत होते.

दोन माणसांना : एक वाटी तांदळाचं पीठ, अडीच वाट्या आंबट पाणी, अर्धी वाटी साधं पाणी, सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं किसून, कढीपत्ता, मोहरी, हिंग, हळद, मीठ, तीन चमचे तेल.

पीठ भांड्यात घेऊन त्यात आधी फक्त वाटीभर आंबट पाणी घाला आणि हातानं कालवा. चमच्यानं नको, गुठळी बोटांनाच कळते. गंधासारखं सरसरीत झालं की उरलेलं आंबट आणि साधं पाणी, मीठ घालून ढवळा. आता परत चव बघा. या टप्प्यावर ते जरा जास्त आंबट लागायला हवं, कारण पीठ शिजल्यावर आंबटपणा निम्मा वाटतो.

जाड बुडाच्या कढईत फोडणी करा. मोहरी तडतडली की हिंग, मग लसूण. लसणीच्या कडा सोनेरी होईपर्यंत थांबा, हा क्षण चुकवू नका, उकडीचा अर्धा जीव त्यात आहे. मिरची, आलं, कढीपत्ता, शेवटी हळद. आच मंद करून पिठाचं पाणी एकदा तळापासून ढवळा, कारण पीठ खाली बसलेलं असतं, आणि एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहा. दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग कढईच्या कडेनं पहिली गुठळी धरते आणि त्यानंतर सगळं एकदम घट्ट होऊ लागतं. हात थांबवू नका. गुठळ्या दिसल्या तर उलथन्यानं कढईच्या बाजूवर दाबून मोडा.

लापशीइतकं दाट झालं की झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ येऊ द्या, मध्ये एकदा परता. शिजलेली उकड ओळखायची खूण : पांढरेपणा जाऊन तिला किंचित काचेसारखी झाक येते आणि ओला हात लावला तर बोटाला चिकटत नाही. फार घट्ट वाटली तर गरम पाण्याचा हबका मारा. ताटलीत वाढून मध्ये खळगा करा आणि त्यात कच्चं तेल किंवा तूप. आमच्याकडे तेल.

तांदळाचं पीठ जुनं असेल तर ते जास्त पाणी पितं, म्हणून अर्धी वाटी गरम पाणी शेजारी तयार ठेवा.

कढी आणि पिठलं

कढी फुटेल म्हणून घाबरणाऱ्यांना हे पाणी वरदान आहे. ताक फुटतं ते त्यातल्या केसीनमुळे, आणि इथे ते जवळजवळ नाहीच. बिनधास्त उकळा. उकळताना पांढरे बारीक कण तरंगताना दिसतील. ती उरलीसुरली प्रथिनं उष्णतेनं गोळा होतात, त्यात बिघडलं काही नाही, बेसन लावलं की दिसतही नाहीत.

अडचण वेगळी आहे. ताकाचा दाटपणा या पाण्याला नाही. नुसत्या पाण्याची कढी केली तर फोडणीचं गरम पाणी प्यायल्यासारखं वाटतं. म्हणून निम्मं ताक आणि निम्मं पाणी घ्या. ताक नसेल तर चार वाट्या पाण्याला दोन सपाट मोठे चमचे बेसन लावा आणि वाटलेलं आलं-मिरची-जिरं यांच्याबरोबर चमचाभर ओलं खोबरंही वाटून घाला. तुपाची फोडणी. गूळ किंवा साखर घालताना हात आखडता घ्या, कारण दुधातली साखर या पाण्यात आधीच आहे.

ताकातल्या पिठल्याचं गणित याहून सोपं : एक वाटी बेसन, तीन वाट्या कडक पाणी, बाकी सगळं नेहमीचं. भाकरीबरोबर खायचं. पालकाच्या किंवा चाकवताच्या ताकातल्या भाजीतही निम्म्या ताकाच्या जागी हे चालतं.

कणीक, थालीपीठ, धिरडी, ढोकळा

साध्या पाण्याऐवजी सौम्य पाण्यात कणीक मळा. दोन वाट्या कणकेला पाऊण वाटीपासून सुरुवात करून लागेल तसं वाढवा, मीठ नेहमीपेक्षा किंचित कमी. पोळ्या मऊ राहतात, डब्यात दुपारीही. दोन गोष्टी सांभाळा. पोळीवर डाग लवकर पडतात, कारण दुधातली साखर तव्यावर लगेच तांबूस होते, म्हणून तवा नेहमीपेक्षा मध्यम ठेवा. आणि असा उंडा उरला तर बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात चार तासांत आंबूस वास येतो. भाकरीला मी हे पाणी वापरत नाही. तिला कढत पाण्याची उकड लागते आणि ज्वारीची गोडी आंबटपणाखाली दबते.

थालीपिठाची भाजणी मात्र या पाण्यात भिजवाच. धिरड्यांनाही छान. रवा मध्यम पाण्यात वीस मिनिटं भिजवून आप्पे किंवा इडल्या करता येतात, दही लागत नाही.

ढोकळ्यात आंबट पाणी आणि खायचा सोडा यांची गाठ पडते, आणि त्यातून निघणारा वायू पीठ फुगवतो. एक वाटी बेसनाला सुमारे पाऊण वाटी कडक पाणी, चमचाभर तेल, मीठ, साखर, आलं-मिरची. पीठ दहा मिनिटं मुरू द्या. तोवर स्टीमरमध्ये पाणी उकळायला हवं आणि ताटलीला तेल लागलेलं हवं. मगच चहाचा अर्धा चमचा सोडा घाला, एकाच दिशेनं भराभर फेटा आणि लगेच वाफेवर. सोडा घालून फोन घ्यायला गेलात तर फुगलेला वायू भांड्यातच निघून जाईल. पंधरा मिनिटांत होतो. पाणी पुरेसं आंबट नसेल तर सोड्याची चव मागे राहते आणि हळद घातली असेल तर लाल ठिपके पडतात. अशा वेळी अर्धं लिंबू पिळा.

कुठे घालायचं नाही

कच्च्या डाळीत, कडधान्यात आणि बटाट्यात घालू नका. ‘आंबटात डाळ शिजत नाही’ हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं अगदी खरं आहे. आंबटपणा आणि कॅल्शियम दोन्ही मिळून दाण्याच्या आणि भाजीच्या पेशींच्या भिंती कडक ठेवतात, कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी हरभरा दातांना लागतो. आमसूल किंवा चिंच आपण डाळ शिजल्यावर घालतो, त्याच नियमानं हेही घालायचं : डाळ साध्या पाण्यात मऊ शिजवून घोटली की आमटी सैल करायला. मग आमसूल कमी लागतं. भात शिजवताना चौथा हिस्साच घ्या, त्याहून जास्त घेतलं तर दाणा टणक राहतो.

दुधाच्या कुठल्याच पदार्थात नको. चहा, खीर, बासुंदी लगेच फाटेल.

भांड्यांबद्दल हे कडक पाळा. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात कल्हई नसेल तर हे पाणी कळकतं, आणि कळकलेलं खाऊ नये. अॅल्युमिनियमच्या पातेल्यातही शिजवू नका, ठेवू नका. स्टील, काच, चिनी माती, किंवा लोणच्याची बरणी.

किती दिवस टिकतं

गाळून, काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये : चक्क्याचं पाणी पाच-सहा दिवस, पनीरचं तीन दिवस. हा फरक का? चक्क्याच्या पाण्यात विरजणाचे जिवाणू जिवंत असतात, ते आंबटपणा वाढवत राहतात आणि बाकीच्यांना शिरू देत नाहीत. पनीरचं पाणी उकळलेलं, त्यात राखणदार कुणी नाही. बाटलीवर तारीख लिहा. जास्त असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा. एकेक ठोकळा आमटीत टाकायला सोयीचा पडतो.

बिघडलेलं ओळखायचं कसं? आंबट वाढणं म्हणजे बिघडणं नव्हे. पण तार सुटली, वर गुलाबी, निळसर किंवा काळा थर आला, दारूसारखा किंवा कुजका वास आला, चव कडू लागली, तर विचार न करता ओतून द्या. अशा वेळी काटकसर करू नये.

प्यायचं असेल तर

सौम्य, गार पाण्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव, चिमटीभर हिंग, ठेचलेलं आलं, कोथिंबीर. मठ्ठ्यासारखंच, पण अधिक पातळ. लिंबानं फाडलेल्या पनीरच्या पाण्यात साखर-मीठ घातलं की सरबतच होतं, वेगळं लिंबू पिळावं लागत नाही. दिवसाला पेलाभर पुष्कळ झालं. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी जपून, कारण दुधातली साखर बहुतेक सगळी इथेच उतरलेली असते. दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असलेल्यांनी अजिबात नको, वर्षाच्या आतल्या बाळाला नको, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून, कारण यात पोटॅशियम आणि फॉस्फरस असतं.

पुढचं पनीर याच पाण्यानं

बंगालमधले मिठाईवाले संदेश-रसगुल्ल्यांसाठी छेना करताना लिंबाऐवजी कालच्या छेन्याचं आंबवलेलं पाणी वापरतात. त्यानं दूध सावकाश फाटतं आणि छेना मऊ, लुसलुशीत होतो. घरी करायला काहीच अवघड नाही. पनीरचं पाणी कोमट असताना त्यात मोठा चमचाभर दही ढवळा, झाकून रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी चव घ्या, कडक आंबट हवं. दूध उकळून थोडं निवू द्या आणि हे पाणी पळीपळीनं घाला. लिटरला दीड-दोन वाट्या लागतात, पाणी फार आंबट नसेल तर आणखी. लिंबासारखं एका क्षणात फाटत नाही, धीर धरा. एकदा हे चक्र सुरू झालं की प्रत्येक वेळच्या पाण्यातून वाटीभर पुढच्यासाठी राखायचं. असं केलेलं पनीर भाजीत तुटतं, म्हणून भाजीसाठी नव्हे, मिठाईसाठी.

चक्क्याच्या पाण्याचे दोन-तीन चमचे अर्धा लिटर दुधाला विरजण म्हणूनही चालतात, दही जरा सैल लागतं इतकंच. आणि कशातच वापरायचं नसेल तर पाचपट साधं पाणी घालून कढीपत्त्याच्या मुळाशी ओता. कढीपत्त्याला आंबट ताक घालायची आपली पद्धत आहेच. त्यात मीठ पडलेलं असेल तर मात्र झाडाला नको. देवाची तांब्या-पितळेची भांडी कडक पाण्यात दहा मिनिटं बुडवून घासली तर चिंच वाचते.

पाडव्याचं पाणी, पावसाळ्यातल्या मिरच्या

शेवटी माझी सगळ्यात आवडती गोष्ट. श्रीखंडाचा मोठा घाट पाडव्याला असतो आणि तेव्हाच चैत्राचं ऊन वाळवणाला तयार असतं. म्हणून हे पाणी मिरच्यांसाठीच जणू वेळेवर येतं.

अर्धा किलो जाड सालीच्या, कमी तिखट हिरव्या मिरच्या घ्या. धुऊन, पुसून पूर्ण कोरड्या करा. देठ ठेवायचे. प्रत्येक मिरचीला मधोमध एक उभी चीर द्या, टोक आणि देठाची बाजू जोडलेली राहू दे. बरणीत एक लिटर कडक पाणी, चार मोठे चमचे मीठ, चमचाभर हळद, थोडा हिंग आणि भरड मेथीपूड ढवळा आणि मिरच्या बुडवा. वर तरंगतात, म्हणून एक वाटी उपडी ठेवून दाबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरच्या निथळून ताटात उन्हात. पाणी फ्रीजमध्ये. संध्याकाळी मिरच्या पुन्हा त्याच पाण्यात. हे तीन-चार दिवस. रोज मिरच्या थोड्या आक्रसून येतात आणि रात्री पाणी पिऊन पुन्हा फुगतात, हिरव्याच्या फिकट पिवळसर होत जातात. तिसऱ्या दिवशी बरणीत तळाशीच पाणी राहिलेलं दिसेल. ते संपलं की बुडवणं बंद, नुसतं ऊन. आणखी चार-सहा दिवसांत मिरची वाजायला लागते. देठाशी मोडून बघा, कट्कन तुटायला हवी. तिथे दमटपणा राहिला तर बुरशी हमखास तिथूनच धरते, म्हणून घाई न करता एक ऊन जास्तच द्या.

कोरड्या डब्यात भरून ठेवा. आषाढात बाहेर पाऊस लागलेला असताना मध्यम तापलेल्या तेलात दोन-दोन मिरच्या सोडा आणि तांबूस होताच काढा, एक क्षण जास्त राहिली तर काळी पडून कडवट होते. शेजारी दहीभात हवा.